प्रवरेकाठचा ठेका

राजूरच्या भोवतालच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्याची रात्र संबळाने सुरू होते. देवाचे सोंग मागून येते, कानावर आधी पडतो तो ठेका. संबळवाल्याच्या कमरेला बांधलेल्या दोन भांड्यांकडे टक लावून पाहणारे एखादे सात-आठ वर्षांचे पोर अशा गर्दीत हमखास असते. वाजवणारा दम खायला थांबला की ते काड्या उचलते आणि चार आवर्तने अशी नेटकी वाजवते, की जाणती माणसेही वळून पाहतात. मग लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, “देवाची देणगी हाय ही, शिकवून येत नाही.” दुसरा म्हणतो, “देणगी कसली? आजा वाजवायचा, बाप वाजवतो. घरात रातंदिस तेच चाललंय, पोराला येणारच.”

जगभरच्या संगीतकारांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी या वादावर पानेच्या पाने लिहिली आहेत. पण तो नीट समजून घ्यायचा तर राजूरहून निघून प्रवरेच्या काठाने खाली चालत जावे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी भंडारदऱ्याच्या धरणात थबकते, रंधा धबधब्यावरून कोसळते आणि अकोले, संगमनेर, नेवासे करत गोदावरीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला संबळ आहे, मधल्या टप्प्यात ढोलकी आणि खालच्या अंगाला मृदंग. एकाच नदीवर महाराष्ट्राच्या तालाची तीन घराणी नांदली, आणि तिन्हींत वाजवणारा घडला तो लहानपणीच.

राजूर ही चाळीसगाव डांगाण या डोंगरी पट्ट्याची बाजारपेठ. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, भाताची खाचरे, डांगी गाई-बैलांचे प्रसिद्ध प्रदर्शन, ही या गावाची ओळख. सह्याद्रीच्या या पट्ट्यात, अकोल्यापासून इगतपुरी, मोखाडा, जव्हारपर्यंत, बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. गणपती, सरस्वती, मारुती, रावण अशी सोंगे रात्रभर नाचतात. सोंगाची चाल ठरते ती वाद्यावर. गणपतीची चाल वेगळी, राक्षसाची वेगळी. वाजवणाऱ्याचा हात चुकला तर नाचणाऱ्याचा पाय चुकतो, म्हणून वाजवणाऱ्याला सगळी सोंगे तोंडपाठ असावी लागतात.

संबळ दिसायला साधा, हाताळायला कठीण. एकमेकांना बांधलेली दोन भांडी, एक लहान आणि उंच आवाजाचे, दुसरे मोठे आणि घुमणारे. दोन्हींवर कातडे ताणलेले. वाजवायला दोन काड्या, त्यांतली एक टोकाला वळवलेली. दोन हातांना दोन वेगवेगळी कामे एकाच वेळी करायची असतात आणि तेही उभ्याने, चालताना, रात्रभर. गोंधळात, लग्नाच्या वरातीत, देवीच्या छबिन्यात हेच वाद्य. याची ना पुस्तके होती, ना शाळा. मूल आधी बापाच्या खांद्यावर बसून ऐकायचे, मग मांडीवर थाप मारायचे, मग पत्र्याच्या डब्यावर. खरे वाद्य हाती येईपर्यंत त्याच्या अंगात ठेका भिनलेला असायचा.

राजूरच्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भात पेरण्याआधी तो राब भाजतो. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पावसाआधी जमीन भाजून तयार ठेवतो, मग तिच्यात बी टाकतो. रोपे वीतभर झाली की आवणी. पीक पाहणाऱ्याला डोलणारी लोंबी दिसते, राब दिसत नाही. बालवादकाचेही असेच आहे. मंचावर सात वर्षांचे मूल दिसते, त्याच्या जन्माआधी भाजलेला राब दिसत नाही.

नदीबरोबर खाली आले की संगमनेर लागते. पेशवाईतला शाहीर अनंत फंदी इथला. १७४४ ते १८१९ हा त्याचा काळ. लावण्या, पोवाडे आणि फटके रचणारा हा कवी तमाशाच्या फडावर वाढला, आणि अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्याने तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, असे परंपरा सांगते. याच तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजली. फड म्हटला की ढोलकी आलीच. लावणीच्या ओळीवर ती नुसती साथ करत नाही, तिला जाब विचारते, तिच्या मागे धावते, तिच्या आधी पोचते. नाचणारीच्या घुंगरांशी तिची जुगलबंदी लागते, तेव्हा दोघांपैकी कोण कोणाच्या मागे आहे हे प्रेक्षकाला सांगता येत नाही.

तमाशाच्या फडातली मुले कनातीच्या मागे झोपत आणि ढोलकीच्या आवाजाने जागी होत. वर्षातले सात-आठ महिने गावोगाव हिंडायचे, रोज रात्री तोच खेळ. दहा वर्षांच्या पोराने तोवर किती लावण्या ऐकल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण एखाद्या रात्री ढोलकीवाला आजारी पडला आणि पोराला उभे केले, तर त्याला काही नवे शिकायचे उरलेले नसे. बोटाला चाट, तळव्याला घुमारा, शाईवर नेमकी थाप, हे त्याने डोळ्यांनी आधीच शिकलेले असे. लोक टाळ्या वाजवत त्या पोराच्या धिटाईला. टाळ्यांचा खरा वाटा त्या सात-आठ महिन्यांच्या भ्रमंतीचाही होता.

आणखी खाली नेवासे. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथे, प्रवरेच्याच काठी. इथून पुढे ताल भक्तीच्या हाती जातो. हरिनाम सप्ताह, काकडा, दिंडी, कीर्तन, कुठेही मृदंगाशिवाय पान हलत नाही. वारकऱ्यांचा मृदंगवादक कीर्तनकाराच्या डाव्या-उजव्या अंगाला उभा राहून तासन् तास वाजवतो आणि अभंगाच्या शेवटी गती वाढली की टाळकऱ्यांच्या शंभर हातांना एका समेवर आणून सोडतो. १९१७ मध्ये जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतली मुले संतवाङ्मय आणि कीर्तनाच्या शिक्षणासाठी तिथे जाऊ लागली. आज आळंदीच्या गल्ल्यांत पहाटे कानावर पडणारा मृदंगाचा आवाज बहुधा अशाच कुठल्यातरी गावाहून आलेल्या मुलाचा असतो. बापजाद्यांत कोणी वादक नसलेली मुले तिथे तयार होतात. घराण्याच्या रक्ताची मक्तेदारी वारकऱ्यांनी अशी सहज मोडली.

याच कीर्तनपरंपरेच्या मातीतून उठलेला सर्वांत मोठा तालवादक म्हणजे नाना पानसे. वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनाच्या वातावरणात वाढले, काशीला बाबू जोधसिंगांकडे पखवाज शिकले आणि पुढे इंदूरच्या होळकर दरबारात स्थिरावले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी पखवाजाचे स्वतंत्र घराणे उभे केले. लहान वयात त्यांच्या बोटांतली तयारी लोकांना थक्क करत असे, असे सांगतात. पण त्यांचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. विद्या लपवून ठेवण्याच्या त्या काळात त्यांनी मोकळ्या हाताने शिकवले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून पखवाज महाराष्ट्रभर पोचला. वयाच्या दहाव्या वर्षी हुशार वाजवणारी मुले त्यांच्या काळात इतरही असतील. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

गोव्याच्या खाप्रूमामा पर्वतकरांची कथाही अशीच. हात, पाय आणि तोंड यांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल चालवून समेवर गाठ घालणारा हा माणूस पाहून मोठमोठे गवई हतबुद्ध होत. पण त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवळातल्या संगीताचा सहवास होता. अशी बुद्धी आभाळातून पडते असे मानले, तर ती देवळाच्या आवारातच इतकी वारंवार का पडते, याचे उत्तर द्यावे लागेल.

गेल्या शतकातला महाराष्ट्राचा सर्वांत लाडका बालतालवादक मात्र माहीमला जन्मला. झाकीर हुसेन, ९ मार्च १९५१. दोन दिवसांचे बाळ घरी आले तेव्हा वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँ यांनी, त्याच्या कानात दुवा म्हणण्याऐवजी तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली, तेव्हा ‘हीच माझी प्रार्थना’ असे उत्तर त्यांनी दिले. ही हकिकत झाकीर आयुष्यभर सांगत राहिले. स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर त्यांचा हात चालू लागला तो बोलायला येण्याच्या वयात. सातव्या वर्षी रीतसर तालीम सुरू झाली. पहाटे तीनला वडील उठवत आणि सहापर्यंत दोघे समोरासमोर बसत. त्या वेळात तबला कमी वाजे, बोल जास्त म्हटले जात. ताल आधी जिभेवर, मग बोटांवर. मग मदरसा आणि नंतर माहीमची सेंट मायकेल शाळा. सातव्या वर्षीच लोकांसमोर वाजवले, बाराव्या वर्षापासून दौरे सुरू झाले. विसाव्या वर्षाच्या आत ते अमेरिकेत पोचले आणि १९७३ मध्ये जॉन मॅक्लॉफलिन यांच्याबरोबर ‘शक्ती’ या वाद्यवृंदाची उभारणी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते गेले, तेव्हा महाराष्ट्रात घराघरात माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

“पाहा, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात,” असे म्हणणाऱ्याला झाकीर हुसेन हे हुकमी उदाहरण वाटते. पण त्याच घरात या म्हणीला धक्का देणारी दुसरी कथा आहे, ती वडिलांची. अल्लारखाँ १९१९ मध्ये जम्मूजवळच्या एका शेतकरी कुटुंबात जन्मले. घरात ना उस्ताद, ना तबला. वाद्याच्या ओढीने बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी घर सोडले आणि लाहोरला मियाँ कादिरबक्ष यांच्या पायाशी जाऊन बसले. पंजाब घराण्याची विद्या त्यांनी उपऱ्यासारखी कमावली आणि मग रविशंकरांच्या सतारीबरोबर ती जगभर नेली. म्हणजे एकाच घरात बापाने राब शून्यातून भाजला आणि मुलाच्या वाट्याला तो तयार आला. ज्याला नुसती देणगी मानायची त्याला अल्लारखाँची बारा वर्षांची कोरडी पाटी समजावून सांगता येत नाही. ज्याला नुसता सराव मानायचा त्याला त्याच घरातली भावंडे अडचणीत टाकतात. फजल कुरेशी तबल्यात नावाजले, तौफिक कुरेशींनी जेंबे या वाद्याला आपलेसे करून तालवाद्यांचा वेगळाच रस्ता धरला. बाप एक, छप्पर एक, पहाट एक, आणि तिघांचे हात तीन तऱ्हेचे.

तबल्यातला दुसरा दाखला अहमदजान थिरकवाँचा. मुरादाबादचा हा मुलगा लहानपणीच मुंबईत उस्ताद मुनीरखाँकडे आला. त्याची बोटे तबल्यावर थिरकतात, म्हणून पडलेले टोपणनाव पुढे त्याचे आडनावच होऊन बसले. मराठी माणसाला थिरकवाँ आठवतात ते गंधर्व नाटक मंडळीमुळे. बालगंधर्वांच्या पदांना त्यांची साथ, हा त्या काळच्या नाट्यवेड्यांसाठी दुहेरी सोहळा होता. बोटे थिरकतात ही त्यांच्या लहानपणची ओळख, पण म्हातारपणीही ती तितकीच स्वच्छ थिरकत राहिली, त्याचे कारण रोजचा रियाज होता. १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १३ जानेवारी १९७६ रोजी देह ठेवीपर्यंत बोटांनी दगा दिला नाही. लहानपणी चमकलेल्या कितीजणांबद्दल असे म्हणता येईल?

पाश्चात्त्यांनी हा वाद आकड्यांत मांडला. १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी प्रतिभा वंशपरंपरेने उतरते, असा ग्रंथ लिहिला. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून उलट टोक पुढे आणले. सर्वांत चांगल्या वादकांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तास एकट्याने रियाज केला होता. मागे पडलेल्यांचे तास त्याहून पुष्कळ कमी भरले. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने ‘दहा हजार तास’ हा मंत्र घरोघरी नेला. एरिक्सन यांना तो तसा नको होता. नुसते तास मोजून भागत नाही, चूक शोधून ती दुरुस्त करणारा रियाज हवा, असे ते सांगत राहिले. २०१४ मध्ये मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑसवाल्ड यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. माणसामाणसांच्या संगीतकौशल्यातला सुमारे २१ टक्के फरक सरावाने उलगडतो, असे त्यांना आढळले. उरलेला बराच मोठा भाग दुसऱ्या कशात तरी आहे. त्याच वर्षी स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासाने आणखी एक गाठ उलगडली: रियाज करण्याची ओढसुद्धा काही अंशी वारशाने येते. पोराला वाद्यापासून उठावेसे वाटत नाही, ही त्याची मेहनत म्हणायची की देणगी?

सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र २००९ मध्ये बुडापेस्टला झाला. इश्तवान विंक्लर, हेंक्यान होनिंग आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, जोराचा ठोका गाळला. आपल्या भाषेत सांगायचे तर सम गाळली. बाळांच्या मेंदूने त्या चुकीची नोंद घेतली. म्हणजे समेची जाण प्रत्येक मूल जन्मताच बरोबर आणते, ती उस्तादांच्या पोटी जन्मलेल्यांपुरती नाही. अल्लारखाँनी दोन दिवसांच्या बाळाच्या कानात बोल म्हटले तेव्हा त्यांच्या हाती हे शास्त्र नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाजवणाऱ्यांचे शहाणपण होते.

अमेरिकेत बडी रिच हा ड्रमवादक दीड वर्षाचा असताना आईबापांच्या रंगमंचावर उभा राहिला आणि ‘ड्रमचा चमत्कार’ म्हणून गावोगाव गाजला. मोठेपणी तो सांगत असे, की त्याने कधी रियाज केला नाही. पण दीड वर्षापासून रोज रात्री मंचावर वाजवणाऱ्याला वेगळा रियाज कशाला लागेल? संगमनेरच्या फडावर वाढलेल्या पोराचे आणि त्याचे बालपण एकच.

मग खरा प्रश्न आपल्याकडचा आहे. बी प्रत्येक मुलात असेल, तर राब कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या नाही? संबळ, हलगी आणि ढोलकी चांभार, मातंग, महार, होलार, गुरव, गोंधळी या समाजांनी बनवली आणि वाजवली. कातड्याला हात लावणारा हलका, असे मानणाऱ्यांनी यांतल्या अनेकांना गावकुसाबाहेर ठेवले आणि आपल्याच मुलांना तालाच्या सहवासाला मुकवले. उलट बाजूने, फडावर सोन्यासारखा हात असलेल्या पोराला दरबाराचे आणि मैफिलीचे दार बंद राहिले. त्याचे नाव ध्वनिमुद्रिकेवर आले नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत आणले, आणि पुढे १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. परीक्षा आल्या, लिपी आली, फी भरून कोणालाही तबला शिकता येऊ लागला. तालाच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे. तिने चमत्कार किती घडवले हे मोजता येणार नाही, पण हजारो घरांत पहिला राब तिने भाजला.

आणि मुली? अर्धी पेरणी तर आपण केलीच नव्हती. फडावर स्त्री नाचली, गायली, पण ढोलकी पुरुषाच्या गळ्यात राहिली. देवळातला चौघडा, दिंडीतला मृदंग, मैफिलीतला तबला, सगळे पुरुषांचे. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र तबलावादनाचे कार्यक्रम केले तेव्हा लोकांना त्याचे नवल वाटले. नंतर अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्याकडे शिकलेल्या अनुराधा पाल यांनी केवळ स्त्रियांचा तालवाद्यसमूह उभा केला. त्यांचे हात ऐकल्यावर, स्त्रीच्या बोटांत तबल्याला लागणारी ताकद नसते हे जुने म्हणणे टिकत नाही. इतक्या पिढ्यांत बालवादक म्हणून मुलीचे नाव कानावर येत नाही, याचा अर्थ मुलींत तो गुण नव्हता असा होत नाही. त्यांच्या हातात वाद्य दिलेच गेले नाही.

बोहाड्याच्या रात्रीचे ते दोन तट दोन्ही अर्धे बरोबर आहेत. पोराच्या हातात देणगी आहे, हे खरे. बाप-आजाने घरात ठेका जागता ठेवला, हेही खरे. पण देणगी आणि मेहनत यांची गाठ घालून देणारी तिसरी गोष्ट त्या वादात कोणी बोलत नाही, ती म्हणजे त्या गावाने टिकवलेला उत्सव. बोहाडा नसता तर पोराने संबळ ऐकला नसता. फड नसता तर ढोलकी ऐकली नसती. सप्ताह नसता तर मृदंग नसता. प्रवरेच्या काठाने वरून खाली जाताना बालवादक जिथे जिथे दिसतात, तिथे तिथे आधी एक गाव दिसते, जे वर्षातून ठरलेल्या दिवशी न चुकता वाजवते.

आज ही गावे वाजवायची थांबू लागली आहेत. वरातीत डीजे आला, संबळवाल्याला सुपारी मिळेनाशी झाली, आणि त्याचे पोर शहरात कामाला गेले. तालवादक घडवणारी जुनी व्यवस्था अशी निकालात निघते आणि आपल्याला त्याचा पत्ता लागतो तो पंचवीस वर्षांनी, वाजवणारा हातच उरत नाही तेव्हा. डांगाणातल्या आश्रमशाळांत शेकडो आदिवासी मुले-मुली शिकतात. त्यांच्या शाळेत फळा असतो, पुस्तके असतात, संगणकही येतो. त्याच शाळेत एक ढोलकी, एक संबळ आणि आठवड्यातून दोन तास शिकवायला गावातलाच एखादा जाणता वादक असायला काय हरकत आहे? त्याला मानधन द्यावे, त्याच्या हाताखाली मुलींनाही बसवावे. राजूरच्या जत्रेत पुढल्या वर्षी एखादे पोर संबळावर चार आवर्तने वाजवील, तेव्हा त्याला शाबासकी द्यावी, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या संबळवाल्यालाही विचारावे, “मामा, आणखी कुणाला शिकवाल का?”